ड्रॅक्सची लाकडाची वीज: यंत्रं उत्तम, माल महाग, ‘हरित’ शिक्का चुकीचा

काय: लाकडी पेलेट (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या कांड्या) जाळून केलेली वीज
कुठे: ड्रॅक्स वीज केंद्र, सेल्बीजवळ, नॉर्थ यॉर्कशायर, इंग्लंड
गुण: ५ पैकी १ (तो एक यंत्रांना)

ही वीज नाकारायची सोय ब्रिटनमध्ये कुणालाच नाही. लंडन, स्लाव किंवा लीड्समधलं मराठी घर कोणत्याही कंपनीची वीज घेत असो, ड्रॅक्सच्या अनुदानाचा वाटा वीजबिलाबरोबर त्याच्या खिशातून जातोच. त्यामुळे पैसे मोजणाऱ्याने मालाची परीक्षा करायलाच हवी. मत आधीच सांगून टाकतो: लाकूड जाळून वीज करायला जनतेच्या पैशातून अनुदान देणं थांबलं पाहिजे.

आधी चांगली बाजू. ड्रॅक्स हे मूळचं कोळशाचं केंद्र. १९७४ मध्ये वीज सुरू झाली आणि १९८६ मध्ये प्रत्येकी ६६० मेगावॉटच्या आसपासचे सहा संच पूर्ण झाले. २०१३ ते २०१८ या काळात त्यातले चार संच लाकडावर आणले. आजची क्षमता साधारण २,६०० मेगावॉट, म्हणजे आपल्या चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटपेक्षा थोडीच कमी. एवढ्या मोठ्या कोळशाच्या बॉयलरला दुसरं जळण पचवायला लावणं सोपं नव्हतं, आणि ते काम त्यांनी चोख केलं आहे.

अवघड का, ते पेलेट हातात घेतल्यावर कळतं. ६ ते ८ मिलिमीटर जाडीची, गुळगुळीत कातडीची कांडी. ओल्या लाकडात वजनाच्या निम्मं पाणी असतं. ते वाळवून दहा टक्क्यांच्या आत आणायचं, हॅमर मिलमध्ये भुसा करायचा आणि पोलादी डायच्या भोकांतून दाबून काढायचं. वेगळा डिंक लागत नाही, दाबाच्या उष्णतेने लाकडातलंच लिग्निन मऊ होऊन भुसा धरून ठेवतं. पाणी लागलं की कांडी फुगते आणि पुन्हा भुसा होतो. म्हणून वॅगन झाकलेल्या लागतात आणि पावसात जहाज रिकामं करता येत नाही. ढिगात पेलेट आपोआप तापतात, म्हणून ड्रॅक्सच्या चार प्रचंड घुमटांत नायट्रोजन सोडण्याची सोय आहे. जहाजाच्या बंद कोठारात त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, तिथे हवा तपासल्याशिवाय उतरणं जिवावर बेतू शकतं. बारीक धूळ तर स्फोटक. इंग्लंडमधलंच टिलबरी केंद्र लाकडावर आणल्यानंतर थोड्याच महिन्यांत, फेब्रुवारी २०१२ मध्ये, पेलेटच्या साठ्याला मोठी आग लागली आणि पुढच्या वर्षी ते केंद्र बंदच झालं.

आता मालाचा हिशेब. एक टन पेलेटमध्ये सुमारे १७ गिगाज्यूल उष्णता असते. केंद्राची कार्यक्षमता ३८ टक्क्यांच्या आसपास धरली तर टनामागे १.८ मेगावॉट-तास वीज मिळते. ब्रिटनमधलं मध्यम वापराचं घर वर्षाला २,७०० युनिट वापरतं असं धरू. एवढ्या विजेला दीड टन पेलेट, म्हणजे जवळजवळ तीन टन ओलं लाकूड लागेल. धुराचं काय? आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या प्रमाण आकड्यांनुसार एक गिगाज्यूल उष्णतेमागे लाकडातून ११२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, दगडी कोळशातून ९४.६ किलो आणि नैसर्गिक वायूतून ५६.१ किलो. विजेच्या युनिटवर आणलं तर लाकूड १,०६० ग्रॅम आणि कोळसा ९०० ग्रॅमच्या आसपास. ५५ टक्के कार्यक्षमतेचा गॅसचा संच ३७० ग्रॅमच्या आत राहतो. वरच्या घराच्या वाट्याला येतो वर्षाला २.९ टन कार्बन डायऑक्साइड. लाकूड वाळवताना, दळताना आणि अमेरिका-कॅनडातून अटलांटिक ओलांडून आणताना निघणारा कार्बन यात धरलेलाच नाही.

तरीही ब्रिटनच्या वहीत धुराड्यापाशी शून्य लिहिलं जातं. आंतरराष्ट्रीय नियमानुसार हे उत्सर्जन झाड तोडणाऱ्या देशाने जमीन-वापराच्या खात्यात दाखवायचं असतं. ऊर्जेच्या खात्यात तोच आकडा दोनदा येऊ नये एवढाच त्यामागचा हेतू. अनुदानाच्या धोरणाने मात्र त्या शून्याचा अर्थ ‘प्रदूषण नाही’ असा लावला, आणि लाकडाला कार्बनची किंमतही भरावी लागत नाही. झाड पुन्हा वाढतं हे खरं, पण केव्हा? करवत गिरणीचा भुसा काही वर्षांत कुजणारच असतो, तो जाळल्याने फार फरक पडत नाही. अख्खं खोड जाळलं तर अमेरिकेच्या दक्षिणेतल्या पाइनला ती भरपाई करायला काही दशकं लागतात, आणि कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातल्या नैसर्गिक जंगलाला शतकही कमी पडू शकेल. हवेतला कार्बन या दशकात कमी करायचा आहे.

आपल्याकडच्या बायोमासशी याची गल्लत करू नये. साखर कारखान्याचं बगॅस उसाबरोबर दारात येतं आणि ऊस पुढच्या हंगामात पुन्हा उभा असतो. औष्णिक केंद्रांत कोळशाबरोबर पेलेट जाळायचं केंद्र सरकारचं २०२१ चं धोरणही मुख्यतः शेतातल्या काडीकचऱ्यासाठी आहे. तिथले प्रश्न वेगळे आहेत.

जिथे पेलेट बनतात तिथल्या लोकांनीही किंमत मोजली आहे. पाइन वाळवताना त्यातले बाष्पशील सेंद्रिय वायू बाहेर पडतात. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या ग्लॉस्टर गावाजवळच्या ड्रॅक्सच्या कारखान्याला परवान्यातली मर्यादा ओलांडल्याबद्दल राज्याच्या पर्यावरण विभागाने २५ लाख डॉलर दंड केला. ही तक्रार किरकोळ समजता येणार नाही.

किंमत दोन वाटांनी वसूल होते. एका संचाला ‘सीएफडी’ करार, म्हणजे विजेचा हमीभाव: २०१२ च्या किमतींत मेगावॉट-तासाला १०० पाउंड, वर महागाईवाढ. बाजारभाव कमी असेल तर फरक ग्राहक भरतात, जास्त असेल तर उत्पादकाने परत करायचा. बाकीच्या तीन संचांना ‘आरओ’ योजनेची प्रमाणपत्रं मिळतात, ती वीज पुरवठादारांना विकत घ्यावी लागतात. २०२४-२५ मध्ये एका प्रमाणपत्राचा बाय-आउट दर (प्रमाणपत्र नसेल तर पुरवठादाराने भरायची रक्कम) ६४.७३ पाउंड होता, आणि हे पैसे बाजारभावाच्या वर मिळतात. खोट इथेच आहे. वीज महागली तरी प्रमाणपत्राची किंमत उतरत नाही. सीएफडीच्या संचावर तर चालवण्याची सक्तीच नव्हती. २०२२ मध्ये भाव भडकले, फरक परत करायची वेळ आली, तेव्हा तो संच बराच काळ थांबून राहिला. ज्या वर्षी हमीभावाचा ग्राहकाला फायदा व्हायला हवा होता, नेमका त्याच वर्षी तो हाती आला नाही.

लाकूड कुठलं, याची तपासणीही कच्ची. जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने म्हटलं की शाश्वततेच्या अटी पाळल्या जातात याची खात्री द्यायला सरकारची व्यवस्था पुरेशी आहे, हे सरकारला दाखवता आलेलं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऊर्जा नियामक ऑफजेमच्या चौकशीनंतर ड्रॅक्सने अडीच कोटी पाउंड भरायचं मान्य केलं. कॅनडातून आणलेल्या लाकडाच्या प्रकाराची माहिती नीट नोंदवली गेली नव्हती. प्रमाणपत्रं चुकीची दिली गेल्याचा पुरावा मिळाला नाही, हेही ऑफजेमने सांगितलं, आणि ते नोंदवणं न्याय्य आहे. पण मालाचा मूळ दाखलाच जर विक्रेत्याच्या नोंदींवर चालत असेल, तर त्या नोंदी ढिल्या असून कसं भागेल?

हे अनुदान मार्च २०२७ मध्ये संपणार होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने ते मार्च २०३१ पर्यंत वाढवलं. नव्या करारात सुधारणा आहेत: केंद्र वर्षाला क्षमतेच्या जास्तीत जास्त २७ टक्के चालणार, सगळं लाकूड शाश्वत हवं, जादा नफा परत घेणार. दर मात्र २०१२ च्या किमतींत मेगावॉट-तासाला ११३ पाउंड. त्याच किमतींत २०२४ च्या लिलावात समुद्रातल्या पवनविजेला ५८.८७ पाउंड मिळाले. वारा हवा तेव्हा वाहत नाही, म्हणून ही तुलना सरळ नाही हे मान्य. मग पैसे वारा नसतानाच्या गरजेसाठी मोजा. वेल्समधलं डिनॉर्विगचं उदंचन (पाणी वर चढवून वीज साठवणारं) केंद्र १,७२८ मेगावॉट काही सेकंदांत देऊ शकतं, डेन्मार्कहून येणारी, २०२३ मध्ये सुरू झालेली वायकिंग लिंक ही समुद्राखालची केबल १,४०० मेगावॉटपर्यंत आणू शकते, बॅटऱ्या वाढताहेत. चार-पाच दिवस वारा पडला तर हे पुरणार नाही आणि गॅस लावावाच लागेल. पण तो गॅस धुराड्यापाशी लाकडाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच कार्बन सोडतो. लाकडाला अनुदान देऊन आपण नेमकं काय वाचवतो, याचं पटेल असं उत्तर सरकारने अजून दिलेलं नाही.

ब्रिटनमधल्या वाचकांसाठी कामाचं: ‘१०० टक्के रिन्युएबल’ टॅरिफ घेताना पुरवठादाराला लेखी विचारा की तुमच्या ‘रेगो’ दाखल्यांत (वीज रिन्युएबल असल्याचे दाखले) बायोमासचा वाटा किती. ‘फ्युएल मिक्स’च्या तक्त्यात रिन्युएबल हा एकच आकडा असतो, लाकूड त्यातच दडलेलं असतं. फक्त वारा, सूर्य आणि पाणी यांचे दाखले घेणारे पुरवठादार मिळतात. अनुदानाचा भार मात्र टॅरिफ बदलूनही टळत नाही, आणि एप्रिल २०२६ पासून आरओचा घरगुती भार मोठ्या प्रमाणात सरकारी तिजोरीवर गेल्याने तो करातून जाईल. तिथे खासदारालाच पत्र लिहावं लागेल. पत्रात दोन गोष्टी मागा: २०३१ नंतर मुदतवाढ नाही हे आजच जाहीर करा, आणि तोवर प्रत्येक जहाजातल्या लाकडापैकी खोड किती, भुसा किती, हे कारखानानिहाय प्रसिद्ध करा.