नॅससाठी ‘नव्या’ हार्ड डिस्क घेतल्या, त्या हजारो तास चाललेल्या निघाल्या

आधी आकडा सांगतो, कारण तोच डोक्यातून जात नाही. ७७,३७० रुपये. त्यातले २८,४०० दोन हार्ड डिस्कचे, १,७७० डेटा रिकव्हरीवाल्याच्या तपासणीचे आणि ४७,२०० प्रत्यक्ष रिकव्हरीचे. हे सगळं करूनही २०१२ ते २०१४ चं फोल्डर परत आलं नाही ते नाहीच. चार महिने कुणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटत होती. मी २६ वर्षं अकाउंट्समध्ये काढली आहेत, दुसऱ्यांची बिलं तपासण्यात. आता लिहितोय, कारण मला फसवणाऱ्यांचा धंदा अजून चालू आहे.

नॅस म्हणजे घरातल्या नेटवर्कला जोडलेला, सगळ्यांच्या फायली साठवणारा डिस्कचा डबा. तो घ्यायचं कारण सगळ्यांच्या घरात असतं तेच. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा बंद झाली, १५ जीबी कधीच भरले. घरात तीन फोन, शिवाय जुन्या हँडिकॅमच्या कॅसेट्स कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेल्या. सगळं एका २०१७ सालच्या ४ टीबी एक्स्टर्नल डिस्कवर होतं आणि ती अधूनमधून खरखर आवाज करायला लागली होती. म्हणून दोन बेचा, म्हणजे दोन डिस्क बसतील असा नॅस घ्यायचा ठरवला. दोन डिस्क, मिररिंग, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा, एक गेली तर दुसरीवर सगळं शाबूत.

मी काही न वाचता, अडाण्यासारखा बाजारात गेलो नव्हतो, हे मला सांगायचंच आहे. दीड महिना वाचत होतो. सीएमआर आणि एसएमआर डिस्कमधला फरक मला माहीत होता. सीएमआरमध्ये डेटा लिहिण्याच्या पट्ट्या, म्हणजे ट्रॅक, शेजारी शेजारी असतात; एसएमआरमध्ये ते एकमेकांवर कौलांसारखे चढवलेले असतात, त्यामुळे मिरर पुन्हा बांधताना ती डिस्क रखडते. वेस्टर्न डिजिटलनं नॅससाठीच्या आपल्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्कमध्ये हे तंत्र न सांगता वापरलं होतं आणि २०२० साली त्यावरून गदारोळ झाला होता, तेही वाचलं होतं. त्यामुळे सीएमआरच हवी, नॅसला चालणारी हवी, ८ टीबी हवी, हे पक्कं होतं. नॅसचा डबा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नेहमीच्या दुकानातून घेतला, २७,४०० रुपये, पक्कं बिल. त्या डब्याबद्दल आजही तक्रार नाही. तिथेच सीगेटच्या ८ टीबी एंटरप्राइज, म्हणजे सर्व्हरसाठीच्या, डिस्कचा भाव विचारला. एका डिस्कचे जीएसटीसकट २१,२४०. दोनचे ४२,४८०. मी म्हटलं, बघतो.

आणि घरी येऊन फोनवर ती जाहिरात बघितली. तीच कंपनी, तेच मॉडेल, ‘न्यू सील पॅक, ५ इयर वॉरंटी’, १४,२०० रुपये. दोन डिस्कमागे १४,०८० रुपये वाचत होते. कुणालाही मोह झाला असता.

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार. दुकान म्हणजे उपनगरातल्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला पहिल्या मजल्यावरचा गाळा. बाहेर बोर्ड नाही. आत खोकी, एक लांब टेबल आणि बाविशीतला एक मुलगा. अदबीनं बोलणारा. “बसा काका, पाणी घ्या, उन्हातून आलात.” त्यानं दोन डिस्क आणून समोर ठेवल्या.

इथे मी थांबायला हवं होतं. हा क्षण मी रात्री-बेरात्री शंभर वेळा पुन्हा बघितलाय. नव्या डिस्कची करडी चकचकीत पिशवी गरम करून सीलबंद केलेली असते, कात्री लावल्याशिवाय उघडत नाही. ही पिशवी वरून दुमडून सेलोटेप लावलेली होती. मी ती नुसत्या नखानं उघडली. डिस्क हातात घेतली. बाजूच्या स्क्रूच्या भोकांमधले आटे घासून चकाकत होते, आणि एका भोकाभोवती स्क्रूच्या डोक्याचा गोल ओरखडा उमटला होता, नाण्याची कड दाबल्यासारखा. मला दिसलं. मी विचारलंसुद्धा, “हे काय रे?”

“काका, आम्ही प्रत्येक पीस टेस्ट करून देतो. उद्या तुम्हीच परत याल ना नाहीतर.”

टेस्ट करायला स्क्रू लागत नाहीत. केबल लावली की डिस्क टेबलावर चालते. हे मला माहीत होतं. तरी मी मान डोलावली, कारण मनातल्या मनात ते १४,०८० रुपये मी आधीच वाचवून बसलो होतो.

मग बिल. “पक्कं हवं असेल तर १८ टक्के वर पडतील काका. नाहीतर चलन देतो, वॉरंटी काय, सीरियल नंबरवरच असते.” १८ टक्के म्हणजे ५,११२ रुपये. मी, आयुष्यभर कच्च्या बिलांवर लाल शेरे मारणारा माणूस, चलन, म्हणजे माल दिल्याची नुसती चिठ्ठी, घेऊन आलो. क्यूआर स्कॅन केला तर दुकानाचं नाव न येता भलत्याच बाईचं नाव आलं. “वहिनीचं खातं आहे, करंट अकाउंटला लिमिट आलंय.” तेही मी ऐकून घेतलं. पैसे देण्याआधी स्क्रीनवर येणारं नाव वाचा. दुकानाचं नसेल तर फोन खिशात घाला आणि चालू लागा. वहिनी असो की मेव्हणा.

घरी येऊन मी तपासणी केली नाही असं कुणी म्हणू नये. नॅसमध्ये डिस्क बसवल्यावर पहिलं काम तेच केलं. स्मार्टची नोंद उघडली, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती. दोन्ही डिस्क चालू राहिल्याचे तास दाखवत होत्या ३. खराब सेक्टर शून्य. यापलीकडे घरगुती माणसानं काय बघायचं? ते तास पुसून शून्यावर आणता येतात हे मला कुठे माहीत होतं! जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीतल्या हाइझे या तंत्रज्ञानविषयक प्रकाशनानं हे उघडकीला आणलं, की सीगेटच्या हजारो तास चाललेल्या डिस्क स्मार्टची नोंद पुसून नव्या म्हणून विकल्या जात होत्या. डिस्कवरची मोकळी जागा वापरून मिळवायच्या चिया नावाच्या क्रिप्टो नाण्यासाठी २०२१ च्या सुमारास लोकांनी हार्ड डिस्कचे ढीग रचले होते, त्यांतून हा माल बाहेर पडला असावा असा संशय होता. मी फसलो तो ही बातमी यायच्या दोन महिने आधी. आणि यात डिस्क बनवणाऱ्या कंपनीचा दोष नाही. तिचा जुना माल मधल्या मधे नवा करणाऱ्यांचा आहे.

२२ मार्चला पहिली डिस्क टिक-टिक करायला लागली आणि नॅसनं बीप द्यायला सुरुवात केली. मी घाबरलो नाही. मिरर आहे ना! दुकानाला फोन केला. “काका, तुमच्याकडे लाइटचा प्रॉब्लेम असणार, यूपीएस नसेल.” माझ्याकडे यूपीएस आहे, नॅसबरोबरच घेतलेला. मग म्हणाला, “कंपनीच्या साइटवर क्लेम टाका.” साइटवर सीरियल नंबर टाकला. उत्तर आलं की ही डिस्क सिस्टिम बनवणाऱ्याला दिलेली आहे, सुट्या ग्राहकासाठी वॉरंटी नाही. हे मला दुकानातच उभ्या उभ्या दोन मिनिटांत कळलं असतं. पैसे द्यायच्या आधी. डिस्कवरचा सीरियल नंबर कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर तिथेच टाकून बघा, दुकानदार कितीही घाई करू दे.

मुकाट्यानं लॅमिंग्टन रोडवरून २१,२४० ची एक नवी डिस्क आणली, बिलासकट. मेलेली काढून ती बसवली. मिरर पुन्हा बांधायला सुरुवात झाली. म्हणजे उरलेल्या डिस्कला सगळा डेटा सलग वाचून द्यावा लागतो, तासन् तास. ६१ टक्क्यांवर दुसरी डिस्क वाचताना अडखळली आणि सगळा साठाच कोसळला. दोन्ही डिस्क एकाच ढिगातल्या, सारख्याच झिजलेल्या, तेव्हा त्या जवळपास एकदमच जाणार. मिररिंग म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी वाचलं होतं. पण जुनी ४ टीबीची डिस्क मी डिसेंबरातच फॉरमॅट करून भाच्याला दिली होती आणि त्यानं ती गेम्सनी भरून टाकली होती. त्याला काय बोलणार, मीच दिली होती. नॅस घेतलात तरी जुनी डिस्क कपाटात तशीच ठेवा आणि तिसरी प्रत घराबाहेर, भावाकडे, लॉकरमध्ये, कुठेही.

भाचा धावत आला खरा. त्यानं कॉम्प्युटरला डिस्क लावून स्मार्टमॉनटूल्स हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालवलं. त्याच्या ७.४ पासून पुढच्या आवृत्तीत सीगेटच्या डिस्कमधली फार्म नावाची वेगळी नोंद वाचता येते. स्मार्ट पुसणाऱ्यांचा हात तिथपर्यंत पोचला नव्हता. पहिल्या डिस्कवर ३१,८४६ तास. दुसरीवर २९,९१२. वर्षाचे तास होतात ८,७६०. म्हणजे माझ्या घरातले चार महिने वजा केले तरी पहिली डिस्क त्याआधी जवळपास सव्वातीन वर्षं रात्रंदिवस फिरत होती. “मामा, हे बघ,” म्हणून त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवली तेव्हा मला त्याच्याकडे बघवेना. सीगेटची नवी डिस्क घेतलीत तर स्मार्ट आणि फार्म दोन्ही पहिल्याच दिवशी बघा. तासांत मोठा फरक दिसला तर त्याच दिवशी परत जा, स्क्रीनचा फोटो घेऊन.

फोल्डर काय होतं तेही सांगतो. माझी आई २०१९ मध्ये गेली. २०१२ च्या उन्हाळ्यात हिनं हँडिकॅम घेऊन तिच्याकडून लोणची घालून घेतली होती, प्रत्येक लोणच्याचा वेगळा व्हिडिओ. लिंबू, कैरी, भोकरं. मधे मधे आई कॅमेऱ्याला ‘अगं तो डबा आधी पूस’ असं रागावते. रिकव्हरीवाल्यानं ४७,२०० घेऊन बाकी बरंच काढून दिलं, त्याच्या कामाबद्दल बोलायचं नाही. पण ते फोल्डर फक्त नावानं उरलं, आत सगळ्या फायली शून्य केबीच्या. नागपूरच्या बहिणीकडे भोकरांचा एक तुकडा व्हॉट्सॲपवर सापडला, दोन मिनिटांचा, अस्पष्ट. ही तो बघत नाही.

आता तक्रारीचं. आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारानं चलन हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, “बिल कुठाय?” मी यूपीआयचा पुरावा दाखवला, ‘न्यू सील पॅक’ लिहिलेले चॅट दाखवले, दोन्ही नोंदींचे प्रिंट दाखवले. म्हणाले, डिस्क मिळाली ना तुम्हाला? मिळाली. मग चोरी कशी? मी म्हटलं, चोरी नाही, फसवणूक, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. ते म्हणाले, दुकान आमच्या हद्दीत नाही, तिकडे जा. हद्द कुठलीही असली तरी झिरो एफआयआर घेता येतो, हे मी सांगितल्यावर साहेब जेवायला गेले होते. दीड तास बाकावर बसलो. तिकडच्या ठाण्यात गेलो तर, तुम्ही राहता कुठे, तिथे करा. सायबरच्या टेबलावर गेलो तर, तुम्ही स्वतः दुकानात जाऊन माल घेतलात, हे सायबर नाही, दिवाणी आहे. पैसे यूपीआयनं गेले, जाहिरात फोनवर बघितली, बोलणं चॅटवर झालं, आणि हे सायबर नाही! बँकेत गेलो. पैसे तुम्हीच पिन टाकून दिलेत, आम्ही काही करू शकत नाही. त्या खात्यावर आणखी तक्रारी आहेत का एवढं तरी बघा म्हटलं, तर ती माहिती गोपनीय. म्हणजे माझ्यासारख्या दहा जणांना एकाच खात्यात बुडवलं तरी आम्ही एकमेकांना कळायचं नाही. एका हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंबर आला, अकरा दिवसांनी मेसेज आला की प्रकरण बंद, संबंधितांशी संपर्क साधावा. संबंधित म्हणजे तोच मुलगा! प्रत्येक टेबलावर मला हेच ऐकवलं गेलं की बिल का नाही घेतलंत. माझी चूक मला मान्य आहे. पण बिल घेतलं नाही म्हणून समोरच्याची लबाडी लबाडी राहत नाही का? ज्येष्ठ माणूस कागदांची फाइल घेऊन पाच ठिकाणी फिरतो, तर एकानं तरी त्या नंबरवर एक फोन लावायचा. एकानंही लावला नाही.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. हे आधीच करायला हवं होतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दुकानाच्या गावाला जावं लागत नाही. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत २ वर्षं. चॅट डिलीट करू नका, डिस्क फेकू नका. माझ्या दोन्ही डिस्क सीरियल नंबरच्या फोटोंसकट एका डब्यात ठेवल्या आहेत. तक्रारीआधी दुकानाला रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली होती. ती पंधरा दिवसांनी परत आली, पाकिटावर पोस्टमनचा शेरा, पत्त्यावर कोणी नाही. मी स्वतः जाऊन बघितलं. गाळ्याला कुलूप, शेजारचा म्हणाला महिनाभरापूर्वी खोकी भरून गेले.

परवा रात्री हिच्या फोनवर जाहिरात आली. दुकानाचं नाव वेगळं, उपनगर वेगळं. फोटो तोच, टेबलाची कड आणि त्यावरची दुमडलेली पिशवीसुद्धा तीच. न्यू सील पॅक, ५ इयर वॉरंटी. भाव आता १३,९००.