ग्रहणाचा चष्मा, तीन वर्षं वापरून: फिल्म झकास, दांड्यांनी डोकं खाल्लं

२०२२ च्या दिवाळीत चार ग्रहण-चष्मे मागवले होते, त्यातला तिसरा मागच्या आठवड्यात कात्रीने कापला, तो राग ताजा आहे तोवर लिहून टाकते. चार नगांचे २४० नी कुरियरचे ७०. आयएसओ १२३१२-२ (सूर्य बघायच्या चष्म्यांचं आंतरराष्ट्रीय मानक) छापलेलं होतं, पण छापायला काय, कोणीही छापतं, म्हणून पार्सल फोडल्या फोडल्या घालून ट्यूबलाइटकडे बघितलं तर ठार अंधार. सूर्य सोडून काही दिसत नाही तोच खरा, त्यामुळे फिल्मबद्दल तक्रार नाही.

तक्रार दांड्यांची. पुठ्ठ्याच्या दांड्या, कानाशी नुसती खाच. नंबरचा चष्मा असला तर हा त्याच्यावरून घालायचा, मग तो नाकावरून घसरतो नाहीतर वाऱ्याने उडतो. म्हणाल, साठ रुपयांत बाईला सोन्याची दांडी पाहिजे का? अहो, आधी घालायचा मग वर बघायचं, नी मान फिरवून मगच काढायचा असा नियम आहे, हा वर बघतानाच घसरला तर उघडा डोळा सरळ सूर्यावर! २५ ऑक्टोबरला, पाडव्याच्या आदल्या दिवशी, धाब्यावर (म्हणजे घराच्या गच्चीवर) मी एका हाताने माझा नी दुसऱ्या हाताने भाच्याचा चष्मा धरून उभी. लचका तोडलेला सूर्य तसाच केळीच्या बागांमागे बुडाला, पंचांगवाले ज्याला ग्रस्तास्त म्हणतात तो. सासूबाई परातीत हळदीचं पाणी घेऊन बसलेल्या, "आमनं काय बिघडनं वं?" पाण्यातला सूर्य पण डोळ्याला वाईटच हे पटवता पटवता निम्मं ग्रहण गेलं.

गल्लीतला ग्रीलवाला म्हणे, ताई पैसे कशाला घातले, वेल्डिंगची काच फुकट देतो. बघितलं तर ११ नंबर. सूर्याला कमीत कमी १२ लागतो, १४ असला तर उत्तम. परत केली. फुकटचं मलाही आवडतं, पण आमच्या काकांनी १९९५ चं ग्रहण काजळी धरलेल्या काचेतून बघितलेलं, तेव्हा काही दुखलं नाही (डोळ्याच्या आतल्या पडद्याला दुखणं कळतच नाही), नी दुसऱ्या दिवसापासून ज्या अक्षराकडे बघावं तेच पुसट. आजही पेपर तिरका धरून वाचतात.

आधी वाटलेलं, एका संध्याकाळीचे ३१० गेले. पण मे २०२४ मध्ये सूर्यावर एवढा मोठा डाग आला की दुर्बिणीशिवाय नुसत्या या चष्म्यातून दिसायचा, केशरी चकतीवर तिळाएवढा काळा. त्याच डागातल्या स्फोटांमुळे त्या दिवसांत लडाखला हानलेहून आकाश लाल दिसलेलं. मग रोज सकाळी धाब्यावर, सवयच लागली, नी पैसे वसूल. एक मात्र स्कूटीच्या डिकीत राहिला, आपल्याकडचा मे महिना, डिंक सुटून फिल्म कोपऱ्यातून उचलली. पहिल्यावर भाचा आधीच बसून झालेला.

चष्म्यावर छापलंय की ३ वर्षांनी टाकून द्या. मी म्हटलं हा धंदा आहे, नी विकणाऱ्याला मेसेज केला तर उत्तर काय, मॅडम नवीन घ्या, एक्स्पायर झाला. पुढे वाचल्यावर कळलं की ही सूचना जुनी, १२३१२-२ चा खरा चष्मा ओरखडा-भोक नसेल तर कितीही वर्षं चालतो. जिंकल्यासारखं वाटलं. म्हणून खात्री करायला बाथरूमचा दिवा घालवून मोबाईलचा टॉर्च त्याच्यातून बघितला, नी उजव्या बाजूला चांदणीसारखा एक टिपका. सुईचं भोक! तीन वर्षं मी तो शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवत होते, १४ नंबरच्या सुयांच्या शेजारी. आता कोणाला भांडू? कापला फिल्ममधून आरपार, म्हणजे भाचा चुकून घालणार नाही. पुठ्ठा ठेवला, त्याला मुद्दाम एक भोक पाडून सूर्याकडे पाठ केली की खालच्या कागदावर सूर्य उमटतो, बिनपैशाचं.

राहिला चौथा. २ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडे खंडग्रास आहे, आषाढातले ढग बाजूला झाले तर दिसेल. त्याला परकराचं इलॅस्टिक लावलंय, दांडीलाच दोन-दोन टाके, सुई फिल्मकडे फिरकू दिली नाही. आता मान हलवा, वारा येऊ द्या, जागचा हलत नाही. दोन रुपयांचं इलॅस्टिक, बनवणाऱ्याला एवढं सुचू नये?