स्क्रीनवर लिमिटर लागलेला, तरी हायचे ड्रायव्हर जळले: नकली प्रोसेसर कसा ओळखायचा

जुना स्पीकर प्रोसेसर, म्हणजे मिक्सर आणि अ‍ॅम्प यांच्यामध्ये बसून आवाज सब, मिड, हाय असा वाटून देणारी पेटी: दोन इनपुट, सहा आउटपुट, पुढच्या पट्टीवर नामांकित कंपनीचं नाव, आणि ‘एकच सीझन वापरलाय’ हे आश्वासन. विकणाऱ्याने दोन टॉप (मधल्या-वरच्या सुरांचे स्पीकर) आणि एक सब (खालच्या सुरांचा स्पीकर) जोडून लॅपटॉपवरून गाणी लावली, अर्धा तास ऐकवलं. आवाज खरंच स्वच्छ होता, म्हणून सौदा झाला. मोकळ्या मैदानातल्या पहिल्याच कार्यक्रमात चारही हायच्या (वरचे सूर वाजवणाऱ्या ड्रायव्हरच्या) कॉइल जळल्या. दोष ड्रायव्हरला दिला गेला, नवे डायफ्रॅम बसले आणि पुढच्या कार्यक्रमात तेही गेले. त्यानंतर कुठे प्रोसेसर टेबलावर घेऊन मोजला गेला.

फसवणूक नेमकी कशात होती हे नीट समजून घ्यायला हवं, कारण नुसतं ऐकून ती कोणाच्याही लक्षात येणार नाही.

हायचा ड्रायव्हर ७५ वॉट, ८ ओहमचा. म्हणजे त्याला सलग झेपणारं व्होल्टेज ७५ गुणिले ८ चं वर्गमूळ, साधारण २४.५ व्होल्ट. अ‍ॅम्पचा गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) ३२ डीबी, म्हणजे डेसिबल, म्हणजेच ४० पट. २४.५ भागिले ४० म्हणजे प्रोसेसरमधून ०.६१ व्होल्टपेक्षा जास्त बाहेर पडता कामा नये. ०.७७५ व्होल्ट म्हणजे शून्य डीबीयू (सिग्नलची पातळी मोजायचं एकक) धरलं की हा आकडा उणे २ डीबीयू येतो. स्क्रीनवर लिमिटरचा थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या पातळीच्या वर तो सिग्नल अडवतो ती, उणे २ च होता. सेटिंग करणाऱ्याचा हिशोब बरोबर होता.

चूक पेटीच्या आत होती. खऱ्या प्रोसेसरमध्ये लिमिटर साखळीच्या शेवटी असतो: आधी क्रॉसओव्हर (सूर फ्रिक्वेन्सीनुसार वाटणारे फिल्टर), ईक्यू (ठरावीक सूर कमी-जास्त करणारा), डिले (सिग्नल थोडा उशिरा सोडणारा), गेन, आणि मग लिमिटर. वर काहीही वाढवा, शेवटी तो अडवतो. या पेटीत आउटपुट गेन लिमिटरच्या नंतर होता. गेन शून्यावर असताना लिमिटर अगदी बरोबर चालायचा. मैदानात हाय कमी वाटली म्हणून गेन ६ डीबी वाढवला, की स्क्रीनवर उणे २ दिसत असताना बाहेर अधिक ४ डीबीयू, म्हणजे १.२३ व्होल्ट जायचे. अ‍ॅम्पनंतर ते ४९ व्होल्ट होतात. ७५ वॉटच्या ड्रायव्हरला ३०० वॉटचा दरवाजा उघडा! लिमिटरचा दिवा लागलेला दिसतो, ऑपरेटर निर्धास्त असतो आणि कॉइल तापत राहते.

ही तपासणी पैसे देण्याआधी दहा मिनिटांत होते. ट्रू आरएमएस मल्टिमीटर आणि टोन देणारा मिक्सर एवढंच लागतं. टोन ४०० हर्ट्झचा घ्या. स्वस्त मीटर जास्त फ्रिक्वेन्सीला एसी व्होल्टेज चुकीचं दाखवतात, म्हणून १ किलोहर्ट्झच्या मोहात पडू नका. तपासायच्या आउटपुटचा क्रॉसओव्हर आणि ईक्यू बायपास करा, थ्रेशोल्ड उणे २ ठेवा, इनपुटला १.२३ व्होल्ट द्या. एक्सएलआर या तीन पिनांच्या कनेक्टरच्या पिन २ आणि ३ मध्ये मीटर लावा. ०.६२ च्या आसपास यायला हवं. आता त्या आउटपुटचा गेन ६ डीबी वाढवा. मीटरचा आकडा हलता कामा नये. १.२३ झाला तर पेटी परत करा, पुढचं काही बघायची गरज नाही. हीच परीक्षा आउटपुट ईक्यूची: ४०० हर्ट्झला ६ डीबी बूस्ट दिला तरी आकडा तोच राहिला पाहिजे. आणि हे सहाही आउटपुटवर करा, एकावर नाही. विकणारा दाखवतो ते आउटपुट १ आणि २. वापरात नसलेल्या ५ आणि ६ वर आवाजच नसतो किंवा घरघर असते.

त्याच पेटीतला दुसरा खोटेपणा क्रॉसओव्हरचा. स्क्रीनवर लिंकविट्झ-रायली २४ डीबी (फिल्टरचा प्रकार, आणि दर ऑक्टेव्हला त्याचा उतार) लिहिलेलं. हा फिल्टर क्रॉसओव्हरच्या फ्रिक्वेन्सीला बरोबर ६ डीबी खाली असतो, म्हणून दोन्ही बाजू जुळल्या की बेरीज सपाट येते. या पेटीत तिथे ३ डीबीच कमी होत होतं, म्हणजे नाव एक आणि आत बटरवर्थ हा दुसऱ्याच प्रकारचा फिल्टर. २४ डीबीच्या बटरवर्थची बेरीज क्रॉसओव्हरवर ३ डीबी वर उठते. गायकाचा आवाज टोचतो, ऑपरेटर मिक्सरवर ईक्यू कापत बसतो, आणि काही केल्या जमत नाही. मोजायला सोपं आहे. हाय-पास (खालचे सूर अडवणारा फिल्टर) ४०० हर्ट्झला लावा, गेन शून्य, लिमिटरचा थ्रेशोल्ड वर नेऊन ठेवा, ४०० हर्ट्झचाच टोन ०.७७५ व्होल्टने द्या. ०.३९ व्होल्ट आले तर लिंकविट्झ-रायली, ०.५५ आले तर बटरवर्थ. मग टोन २०० हर्ट्झवर आणा. २४ डीबीचा लिंकविट्झ-रायली असेल तर साधारण ४६ मिलिव्होल्ट येतात. दीडशेच्या पुढे आकडा दिसला तर उतार १२ डीबीचाच आहे, स्क्रीन काहीही म्हणो.

९६ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगचा, म्हणजे सेकंदाला ९६ हजार वेळा सिग्नल मोजण्याचा, दावाही असाच. ४८ किलोहर्ट्झच्या यंत्रातून २४ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच बाहेर येऊ शकत नाही. ९६ वर चालणारा ऑडिओ इंटरफेस घेऊन ३० किलोहर्ट्झचा टोन द्या आणि बाहेर काय येतं ते त्याच इंटरफेसने पाहा. या पेटीतून ३० आले नाहीत, १८ आले. ४८ वजा ३०, म्हणजे सॅम्पलिंग ४८ चं आणि इनपुटचा फिल्टरही कच्चा. एरवी ४८ किलोहर्ट्झने काम उत्तम होतं, त्यात कमीपणा नाही. पण ९६ सांगून ४८ दिलं तर बाकीच्या आकड्यांवर तरी विश्वास का ठेवायचा?

पिन ३ बद्दल मात्र घाईने निकाल देऊ नका. पिन १ आणि ३ मध्ये सिग्नल नाही म्हणजे नकली, असं अनेक जण सांगतात. काही चांगल्या यंत्रांत पिन ३ वर सिग्नल मुद्दाम नसतो, फक्त इम्पीडन्स (एसी सिग्नलला होणारा रोध) जुळवलेला असतो, आणि तेही बॅलन्स्डच (दोन तारांवर आलेला सारखा गोंगाट कापणारं) असतं. पिन ३ थेट ग्राउंडला जोडलेली सापडली तर शंका घ्या.

आणखी एक गोष्ट, ऐकूनच कळणारी. अ‍ॅम्प चालू ठेवून, एक जुना सब लावून प्रोसेसरचा स्विच बंद-चालू करा. चांगल्या यंत्रात आउटपुट म्यूट होतं. या पेटीतून ‘धप्प’ आवाज यायचा, वीज गेली की तोच धप्प थेट हायला. म्हणूनच प्रोसेसर आधी चालू आणि अ‍ॅम्प शेवटी, बंद करताना उलट, हा क्रम कधी मोडू नये. ८ ओहमच्या हायला सीरिजमध्ये ४७ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर लावला तर सुमारे ४२० हर्ट्झच्या खालचं अडतं आणि धप्पाचा मार वाचतो. जास्त पॉवरपासून मात्र तो वाचवत नाही, हे ध्यानात ठेवा.

सौद्याच्या वेळी कंपनीचं एडिटर सॉफ्टवेअर स्वतःच्या लॅपटॉपवर घेऊन जा. पेटी त्यात दिसली नाही आणि ‘केबल खराब आहे’ असं उत्तर मिळालं, तर दुसरी केबल आणेपर्यंत पैसे खिशातच राहू द्या. मागच्या पट्टीवरचा सीरियल नंबर, सॉफ्टवेअरमधला नंबर आणि बिलावरचा नंबर एकच हवा. तो कंपनीला कळवून खात्री करा. पासवर्ड लॉक समोर उघडून घ्या, फॅक्टरी रिसेट करून बघा, एक प्रीसेट (साठवलेली सेटिंग) सेव्ह करून प्लग काढा आणि परत लावा.

‘सेटिंग तयार आहे, हात लावू नका’ असं सांगून दिलेलं प्रीसेट तर पहिल्या दिवशीच पुसा. या पेटीत सगळ्या आउटपुटला एकच अटॅक (लिमिटरला सिग्नल पकडायला लागणारा वेळ) होता, १० मिलिसेकंद. हायच्या कॉइलला तेवढा वेळ मिळत नाही. १.२ किलोहर्ट्झपासून वर चालणाऱ्या हायला अटॅक ०.५ मिलिसेकंद ठेवतात, २५० हर्ट्झपासूनच्या मिडला २, आणि ३५ हर्ट्झपासूनच्या सबला १६. रिलीज (सिग्नल परत सोडायला लागणारा वेळ) त्याच्या १६ पट, म्हणजे अनुक्रमे ८, ३२ आणि २५६ मिलिसेकंद. थ्रेशोल्ड तर दर अ‍ॅम्पसाठी नव्याने काढावाच लागतो. ३२ डीबीच्या जागी २६ डीबी गेनचा अ‍ॅम्प आला तर तोच ड्रायव्हर अधिक ४ डीबीयूवर सुरक्षित असतो, आणि उलट झालं तर तेच प्रीसेट चौपट पॉवर सोडतं.