रेडिएटर बॅलन्सिंग: एका हिवाळ्यानंतर, आणि त्या लॉकशील्डबद्दल

पॉवर फ्लशचे, म्हणजे हीटिंगच्या पाइपांतला गाळ यंत्राने धुवून काढायचे, साडेपाचशे पौंड ऐकले आणि ठरवलं, आधी आपण स्वतः बघायचं. लेस्टरमधलं आमचं जुनं सेमी-डिटॅच्ड घर. हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही देणारा कॉम्बी बॉयलर स्वयंपाकघरात, आणि पाइपांच्या पार शेवटच्या टोकाला मागची बेडरूम. हिवाळ्यात आई तिथे असते. हॉलवेतला रेडिएटर हाताला चटका देणार आणि आई मात्र स्वेटर, शाल, वर गोधडी घेऊन बसणार.

सर्व्हिसवाला म्हणाला, गाळ साचलाय. मला पटेना. गाळ असला तर रेडिएटर खाली मधोमध गार राहतो, हवा अडकली असली तर वरून. आईच्या खोलीतला वरपासून खालपर्यंत सारखाच कोमट होता. म्हणजे तिथे पाणीच पुरेसं पोहोचत नव्हतं. पंगतीत सुरुवातीच्या पानांवरच सगळं वाढलं जावं, तसं जवळचे रेडिएटर गरम पाणी ओढून घेत होते आणि ते जवळजवळ तितकंच गरम परत पाठवत होते. बॉयलरला वाटायचं, घर तापलं. तो बंद व्हायचा.

यावर उपाय बॅलन्सिंग: जवळच्या रेडिएटरांचं पाणी कमी करायचं, म्हणजे ते लांबच्यांपर्यंत पोहोचतं. पद्धत बहुतेकांना माहीत असेल. खोली तापली की आपोआप मिटणारे थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह पूर्ण उघडे ठेवायचे, दोन्ही पाइपांना चिमट्याचे थर्मामीटर लावायचे आणि रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाचा लॉकशील्ड, म्हणजे पाणी कमी-जास्त करायचा टोपीखालचा व्हॉल्व्ह, आवळत जायचा. जुन्या बॉयलरसाठी जाताना-येताना ११-१२ अंशांचा फरक धरत, धुरातली उष्णताही वापरणाऱ्या कंडेन्सिंग बॉयलरला २० पर्यंत चालतो. इन्फ्रारेड बंदूक वापरणार असाल तर पाइपावर काळी टेप चिकटवा, चकचकीत तांब्यावर ती चुकीचं तापमान दाखवते.

आता तो लॉकशील्ड. त्यावर एकही आकडा नाही, साधी खूणसुद्धा नाही! वर प्लास्टिकची टोपी, आत पान्याने फिरवायचा दांडा, आणि सगळा खेळ पहिल्या पाव फेऱ्यात. पुढे कितीही उघडा, फरक जेमतेम. हॉलवेतला मी बंद करून जरासा उघडला, तर केसभर फिरवला की तापमान पळतं, आणि प्रत्येक वेळी पाणी स्थिरावेपर्यंत थांबायचं. जर्मनीत आकड्यांची कडी असलेले व्हॉल्व्ह सर्रास मिळतात. तिथे नव्या हीटिंगला सरकारी अनुदान हवं असेल तर बॅलन्सिंग केल्याचा दाखलाही लागतो. इथे हजारो पौंडांचा बॉयलर बसवतात आणि त्याचं पाणी कुठे जाणार हे एका बिनखुणांच्या स्क्रूवर सोडतात. याचा मला मनापासून राग येतो.

नोव्हेंबरात मी मैत्रिणींना सांगत होते, फक्त तापमानातला फरक जुळवा. जानेवारीत मत बदललं. पाइपांचे आकडे छान जुळले होते, तरी आईची खोली संध्याकाळी मागेच पडायची. कारण भिंतीवरचा थर्मोस्टॅट हॉलवेत आहे. हॉलवे आधी तापला की तो सगळ्या घराची हीटिंग थांबवतो. म्हणून हॉलवेचा लॉकशील्ड आकडा सांगतो त्याहून आणखी आवळला. बाथरूमचा टॉवेल रेलही आवळला, तो छोटासाच पण भलताच हावरा. त्या आठवड्यात आईने गोधडी घडी करून कपाटात ठेवली.

मग बॉयलरचं पाणी ७० वरून ६० अंशांवर आणलं. परतीचं पाणी साधारण ५५ च्या खाली असलं तरच धुरातली वाफ द्रवरूप होऊन तिची उष्णता परत मिळते, म्हणजे कंडेन्सिंग बॉयलरचे पैसे वसूल होतात. आधी ६० वर मागची खोली तापलीच नसती. गॅसचं बिल उतरलंय, पण त्यातलं किती यामुळे आणि किती कमी थंडीमुळे, हे एका हिवाळ्यावरून सांगणार नाही. साडेपाचशे मात्र वाचले. बॉयलरचं झाकण मी उघडलेलं नाही, ते काम गॅस सेफ, म्हणजे ब्रिटनमधली गॅस कारागिरांची अधिकृत नोंदणी, असलेल्याचंच.

प्रत्येक रेडिएटरच्या मागे चिठ्ठी चिकटवली आहे: पूर्ण बंदपासून किती फेरे उघडा. रंगकाम किंवा कार्पेटसाठी कोणी रेडिएटर उतरवणार असेल, तर आधी त्याला ती दाखवा. उन्हाळ्यात हीटिंगमधलं पाणी काढायची वेळ आली, की हॉलवे आणि टॉवेल रेलला आकडेवाले व्हॉल्व्ह बसवून घेणार आहे.