जोहोरचे इब्राहिम की केदाहचे अब्दुल हलीम? मलय सुलतान समजून घ्यायला सुरुवात कुठून करावी

मलेशियात आजही नऊ राजघराणी गादीवर आहेत. ही राजेशाही टिकली कशी, हे एकाच सुलतानाच्या चरित्रातून समजून घ्यायचं तर दोन नावं समोर येतात: जोहोर राज्याचे इब्राहिम (१८९५ ते १९५९) आणि केदाह राज्याचे अब्दुल हलीम (१९५८ ते २०१७). माझं मत आधीच सांगते, सुरुवात इब्राहिमांपासून करा.

कोल्हापुरात शाहू महाराजांच्या हाती कारभार आला १८९४ साली. पुढच्याच वर्षी इब्राहिम सुलतान झाले. इंग्रजांची सावली दोघांवरही होती. पण इब्राहिमांच्या वडिलांनी, अबू बकर यांनी, मरणाआधी काही महिने जोहोरला लेखी राज्यघटना दिली होती आणि राज्य परक्यांच्या हवाली करायला तिने खुद्द सुलतानालाही मनाई केली होती. १९१४ साली इंग्रज सल्लागाराला जादा अधिकार द्यावे लागले, तरी पेराक किंवा सेलांगोरच्या सुलतानांपेक्षा इब्राहिमांचा शब्द जास्त चालायचा. वाघांची शिकार, रबराचे मळे, युरोपातले लांबलचक मुक्काम हे सगळं चरित्रात भरपूर आहे, पण त्यात फार रमू नका. खरा पेच १९४५ च्या ऑक्टोबरात आहे. इंग्रज सरकारचे दूत हॅरोल्ड मॅकमायकल मलायन युनियनचा, म्हणजे मलय राज्यं एकत्र करून सुलतानांचे अधिकार इंग्रजांकडे घेण्याचा, करार घेऊन आले, तेव्हा सर्वांत आधी सही केली ती इब्राहिमांनी. जोहोरचे मलय खवळले आणि त्यांनी १८९५ ची घटनाच सुलतानासमोर धरली. १९४६ च्या मे महिन्यात जोहोर बाहरूमध्येच ‘अम्नो’ या मलयांच्या पक्षाची स्थापना झाली, तिचे पहिले अध्यक्ष ओन जाफर राजवाड्याच्याच वर्तुळात वाढलेले. १९४८ साली युनियन गुंडाळली गेली. सुलतान चुकला, तेव्हा गादीचा मान प्रजेनं राखला. आपल्याकडे १९४९ साली कोल्हापूर विलीन झालं. तिकडे गाद्या का उरल्या, याचं बरंचसं उत्तर मला या दोन-तीन वर्षांत सापडतं.

अब्दुल हलीम यांची गोष्ट शांत आहे. ऑक्सफर्डला शिकलेले, मितभाषी. नऊ राजघराण्यांचे प्रमुख आपल्यातून पाच वर्षांसाठी देशाचा राजा निवडतात. ते पद दोनदा भूषवणारे ते एकटेच, १९७० ते ७५ आणि २०११ ते १६. पहिल्या खेपेला देश मे १९६९ च्या मलय-चिनी दंगलींतून सावरत होता आणि त्यांचे काका टुंकू अब्दुल रहमान तेव्हाच पंतप्रधानपदावरून पायउतार झाले. मात्र निर्णय घेत होते नवे पंतप्रधान रझाक. त्यामुळे या चरित्रात माणसापेक्षा पदच जास्त दिसतं. आजची घटनात्मक चौकट समजून घ्यायची असेल, तर मात्र हेच आधी वाचा.

शोधताना एक काळजी घ्या: २०२४ पासून मलेशियाचे राजे असलेले सुलतान इब्राहिम हे या इब्राहिमांचे पणतू. नाव तेच, म्हणून साल पाहूनच लेख उघडा.