मायक्रोटिक राउटरओएस: ‘रीड’ गटाला केवळ वाचता येते का?

मायक्रोटिकच्या राउटरवर चालणाऱ्या राउटरओएस या प्रणालीची परीक्षणे बहुधा वेग आणि फायरवॉल यांवर थांबतात. हे परीक्षण मात्र तिच्यातील युजर आणि ग्रुप यांच्या व्यवस्थेपुरतेच आहे, कारण एकाच राउटरवर चार जणांचे हात फिरू लागले की कोणाला काय करता यावे, हे आधी ठरवावे लागते.

प्रणालीत रीड, राइट आणि फुल असे तीन गट तयार मिळतात. प्रत्येक युजर एका गटात असतो आणि गटाला कोणत्या ‘पॉलिसी’ म्हणजे परवानग्या दिल्या आहेत, त्यावर त्याचे अधिकार ठरतात. घोटाळा होतो तो गटांच्या नावांमुळे. रीड म्हणजे केवळ पाहण्याची मुभा, असे कोणीही समजेल. परंतु या गटाच्या मूळ यादीत रीबूट, स्निफ आणि सेन्सिटिव्ह या पॉलिसीही असतात. म्हणजेच ज्याला आपण निव्वळ आलेख पाहण्यासाठी खाते दिले, त्याला भर कामाच्या वेळी राउटर पुन्हा सुरू करता येतो, जाणारी-येणारी पॅकेट पकडता येतात आणि वायफायचा पासवर्डही वाचता येतो. ही यादी कागदपत्रांत स्पष्ट दिलेली आहे, त्यामुळे लपवाछपवीचा आरोप करता येणार नाही. नाव मात्र फसवे आहे, हे म्हणावेच लागेल. देखरेखीसाठी स्वतंत्र गट करून त्यात रीड, टेस्ट (पिंगसारख्या चाचण्या) आणि लॉगिनसाठी लागणारी विनबॉक्स (राउटर सांभाळण्याचे मायक्रोटिकचे ॲप) किंवा एसएसएच (सुरक्षित जोडणीतून दुरून आज्ञा देण्याची पद्धत) एवढ्याच पॉलिसी ठेवाव्यात, असे माझे मत आहे.

दुसरी मर्यादा अधिक खोलवरची आहे. पॉलिसी कामाच्या प्रकारानुसार विभागल्या आहेत, मेन्यूनुसार नाहीत. एखाद्याला केवळ डीएचसीपीच्या (उपकरणांना आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या) नोंदी बदलू द्यायच्या असतील, तरी त्याला राइट द्यावे लागते आणि राइट मिळाले की फायरवॉलचे नियमही त्याच्या हाती जातात. एकेका आज्ञेला परवानगी देता येणारा टॅकॅक्स प्लस हा प्रोटोकॉल येथे उपलब्ध नाही. लहान चमूला याचे फारसे वाटणार नाही, पण कामांची काटेकोर वाटणी असलेल्या ठिकाणी ही उणीव रोज जाणवेल.

रेडियसची, म्हणजे लॉगिन एका मध्यवर्ती सर्व्हरवरून तपासण्याच्या पद्धतीची, जोडणी मात्र समाधानकारक आहे. राउटर आधी स्वतःच्या यादीत युजर शोधतो आणि तेथे तो नसेल तरच रेडियस सर्व्हरला विचारतो; त्यामुळे सर्व्हर बंद पडला तरी एक स्थानिक खाते हाताशी राहते. याची दुसरी बाजू अशी की, सर्व्हरवरून काढलेल्या माणसाचे जुने स्थानिक खाते राउटरवर राहिले असेल, तर त्याचा प्रवेश चालूच राहतो. सर्व्हरने गट कळवला नाही तर कोणता गट लागू करायचा, हेही ठरवता येते. तेथे चुकूनही फुल ठेवू नये.

प्रत्येक युजरला ठरावीक आयपी पत्त्यांवरूनच लॉगिन करू देण्याची सोय मला सर्वांत उपयोगी वाटली. तिचे महत्त्व 2018 साली उघड झालेल्या विनबॉक्समधील त्रुटीने पटवून दिले, कारण त्या त्रुटीमुळे लॉगिन न करताही युजरची फाइल वाचता येत होती आणि त्या काळच्या साठवणुकीतून मूळ पासवर्ड परत काढता येत होते. साठवण्याची ती असुरक्षित पद्धत 6.45.1 या आवृत्तीत काढून टाकण्यात आली. विनबॉक्सची सेवा इंटरनेटकडील बाजूने बंद ठेवणे मी तरीही सोडलेले नाही.

एसएसएचची किल्ली (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल) जोडल्यावर त्या युजरचा पासवर्ड एसएसएचवर चालेनासा होतो. ही गोष्ट उत्तमच आहे, पण ती आधी ठाऊक नसल्याने मी अर्धा तास कीबोर्डवर संशय घेत बसलो होतो.

शेवटचा मुद्दा बॅकअपचा. ‘एक्सपोर्ट’ने काढलेल्या सेटिंगच्या मजकुरी फाइलमध्ये युजरचे पासवर्ड आणि एसएसएचच्या किल्ल्या येत नाहीत. त्या फाइलवरून नवा राउटर उभा केला, तर ही खाती हाताने पुन्हा तयार करावी लागतात. बायनरी बॅकअपमध्ये ती येतात, परंतु तो मुळात त्याच उपकरणासाठी असतो. गट, त्यांच्या पॉलिसी आणि युजरची नावे यांची यादी म्हणूनच मी राउटरबाहेर वेगळी लिहून ठेवतो.