स्टीम, एपिक आणि गॉग: एकाच पीसीवर बरेच महिने वापरल्यानंतर

स्टीम, एपिक आणि गॉग ही पीसीवरचे गेम विकणारी ऑनलाइन दुकानं. गेम कुठून घ्यायचा हे बहुतेक जण किंमत बघून ठरवतात. माझ्या मते खरा फरक पैसे भरल्यानंतर दिसतो: गेम परत करताना, दुसऱ्या ड्राइव्हवर हलवताना, विंडोज नव्याने टाकल्यावर.

एपिकचं दुकान डिसेंबर २०१८ मध्ये उघडलं, तेव्हा गाजला तो १२ टक्के कमिशनचा, म्हणजे विक्रीतून दुकान ठेवून घेतं त्या वाट्याचा आकडा. स्टीमचं कमिशन ३० टक्के. एपिक येण्याच्या काही दिवस आधी स्टीमनेही १ कोटी डॉलरच्या पुढच्या विक्रीवर २५ आणि ५ कोटींच्या पुढे २० टक्के असे टप्पे केले. हा फायदा गेम बनवणाऱ्यांचा, आपल्याला दोन्हीकडे किंमत बहुतेक वेळा सारखीच दिसते. एपिकवर आपल्या पदरात पडतात ते दर गुरुवारी बदलणारे फुकट गेम. मुदतीत घेतले की ते खात्यात कायम राहतात, लगेच डाउनलोड करायची गरज नसते.

रिफंडला स्टीम आणि एपिकचा नियम सारखाच आहे: खरेदीपासून १४ दिवस आणि २ तासांपेक्षा कमी खेळ. स्टीमवर हे घड्याळ गेमची प्रोसेस सुरू झाल्यापासून चालतं. शेडर (चित्र रंगवणारे गेममधले छोटे प्रोग्राम) तयार होत असताना किंवा मेन्यू उघडा ठेवून जेवायला गेलात, तरी वेळ मोजला जातो. त्यामुळे परफॉर्मन्स तपासायचा असेल तर ग्राफिक्स सेटिंग लावून थेट सर्वांत जड प्रसंगापर्यंत जा. गॉगवर मुदत ३० दिवसांची आहे, गेम खेळलेला असला तरी.

गेम हलवायला स्टीम सगळ्यात सोपं. सेटिंग्जमध्ये स्टोरेज, गेम निवडा, मूव्ह. फोल्डर हाताने कॉपी केलं असेल तर 'इन्स्टॉल नाही' असं दिसतं, कारण सोबतची मॅनिफेस्ट फाइल (इन्स्टॉल झालेल्या गेमची नोंद) मागे राहिलेली असते. त्याच ड्राइव्हवर इन्स्टॉल दाबा. आधीच्या फाइली तपासून घेतल्या जातात आणि फक्त कमी असलेलं उतरतं.

एपिकवर थोडा खटाटोप आहे. गेमच्या फोल्डरची प्रत वेगळी ठेवा, मग गेम अनइन्स्टॉल करून नव्या जागी इन्स्टॉल सुरू करा. २-३ टक्के झाले की थांबवा आणि लाँचर (एपिकचं ॲप) घड्याळाशेजारच्या आयकॉनवरून पूर्ण बंद करा. आता जुनी प्रत नव्या फोल्डरवर टाका, 'रिप्लेस' म्हणा आणि डाउनलोड पुढे चालू करा. सुरुवातीचे ते टक्के चुकवू नका, त्याशिवाय लाँचर ते फोल्डर ओळखतच नाही.

स्टीमवर छोट्या अपडेटलाही कधी खूप वेळ लागतो. नेटचा आलेख शून्यावर आणि डिस्कचा चालू असेल तर मोठ्या पॅक फाइली (गेमचा डेटा एकत्र बांधलेल्या फाइली) नव्याने जोडल्या जात असतात. त्यासाठी तेवढी मोकळी जागा लागते. जुन्या हार्डडिस्कवर हे फारच रेंगाळतं.

गॉगचे गेम डीआरएमशिवाय (कॉपी रोखणाऱ्या कुलुपाशिवाय) येतात, आणि जपून ठेवायचे गेम मी तिथूनच घ्यायला सांगेन. ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवून बाहेरच्या डिस्कवर ठेवा. मोठ्या गेमच्या बिन (.bin) फाइली, म्हणजे गेमच्या डेटाचे तुकडे, सेटअप फाइलच्याच फोल्डरमध्ये हव्यात. एक जरी राहिली तरी इन्स्टॉल अर्ध्यावर अडकतं. हे इन्स्टॉलर आपोआप अपडेट होत नाहीत, नवीन पॅच आला की पुन्हा उतरवावे लागतात.

घरात मुलं असतील तर स्टीम फॅमिलीज (घरच्यांनी एकमेकांचे गेम खेळायची सोय) उपयोगी आहे, एका कुटुंबात ६ जण बसतात. पण तुमच्या प्रतीवर कुणी चीट वापरून बॅन झालं, तर त्या गेममध्ये तुमच्यावरही बॅन येऊ शकतो. ऑनलाइन स्पर्धेचे गेम मुलांना त्यांच्याच खात्यावर घेऊन द्या.